ऑनलाईन विक्री वाढली पण हातात काहीच उरत नाही, असं कुणाचं झालंय का?

पायताण_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरात चप्पल लाईनला कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, आता वडील आणि मी बघतो. २०२३ च्या दिवाळीच्या आधी मी वडिलांच्या मागे लागून ऑनलाईन सुरू केलं, दोन मोठ्या मार्केटप्लेसवर माल चढवला, फोटो काढून घेतले, पॅकिंगला एक पोरगा ठेवला महिना ११ हजारावर. आधी दुकानाची विक्री महिन्याला चार लाखाच्या आसपास असायची, सिझन सोडून. आता दोन्ही मिळून सहा लाखाच्या आसपास जाते, त्यातले दोन लाखाच्या वर ऑनलाईनचे, म्हणजे दिवसाला पाच-सहा ऑर्डर धरा. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली आणि बोंबाबोंब झाली ना, त्यानंतर तर परराज्यातनं पण ऑर्डरी यायला लागल्या.

आता अडचण सांगतो. विक्री दीडपट झाली तर फायदा पण दिसायला पाहिजे ना. पण कारागिरांचं देणं द्यायला मला गेल्या दोन महिन्यात एफडी मोडायला लागली. आमचा माल कागलकडच्या चार-पाच घरातनं येतो, त्यांना आठवड्याच्या आठवड्याला रोख द्यावे लागतात, तीस वर्षं वडिलांनी एक आठवडा चुकवलेला नाही आणि माझ्या हातात आल्यावर दोनदा उशीर झाला, ते मनाला लई लागलंय. वडील काय बोलत नाहीत पण रात्री गल्ला मोजताना गप्प बसतात.

दुसरं असं की दुकानातच माल नसतो कधी कधी. परवा पुण्याचं एक कुटुंब आलं होतं महालक्ष्मीच्या दर्शनाला, त्यांना सात नंबरची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) पाहिजे होती, तीन जोड घेणार होते. आणि माझ्याकडे सातचा एकपण जोड रॅकवर नव्हता, कारण सातचे चौदा जोड रिटर्नच्या वाटेवर कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडलेले. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

ऑनलाईन केल्याने धंदा सुधारतो असं सगळीकडे वाचतो, ट्रेनिंगला गेलो तिथं पण तेच सांगितलं. मग माझंच काय चुकतंय? बंद करू का चालू ठेवू? अनुभव असलेल्यांनी जरा सांगा.

---

वहीखातं_सांगली

दादा, मी सांगलीत अकाउंट्सचं काम करतो, माझ्याकडे दुकानदारच जास्त आहेत आणि तुमच्यासारखे निदान सात-आठ जण येऊन हेच विचारून गेलेत. तुमचं चुकलंय ते एकच, तुम्ही विक्री मोजताय, ऑर्डर मोजत नाही. एका जोडाचं गणित मांडू या, आकडे अंदाजाने धरतो, तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा जोड ऑनलाईन १२९९ ला लावलाय. त्यात ५ टक्के जीएसटी आतच आहे, म्हणजे तुमचे मूळ १२३७ आणि ६२ सरकारचे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या जोडाला ५ टक्के झालाय, त्याच्या आधी हजाराच्या वर गेलं की १८ टक्के होता, तेव्हा याच १२९९ मधले १९८ जात होते, म्हणजे तेव्हा तर तुम्ही घरचेच घालत होतात.) आणि तुमचे कारागीर जीएसटीत नसणार, म्हणजे खरेदीवर तुम्हाला क्रेडिट (आधी भरलेला कर वजा करून मिळणं) शून्य, अख्खा कर तुमच्या विक्रीतनंच जातो. पुढे कमिशन, क्लोजिंग फी (मार्केटप्लेस ऑर्डरीमागे घेतं ती ठरावीक रक्कम), शिपिंग मिळून ३१० धरू, त्यांच्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो धरत नाही. खोका, टेप, लेबल ३५. कारागिराचे ७८० धरू. उरले ११२.

आता ११२ बघून माणूस म्हणतो दिवसाला पाच-सहा ऑर्डर, महिन्याला दीडशे, म्हणजे सोळा-सतरा हजार सुटतात, वाईट काय. पण शंभर ऑर्डरीतल्या बावीस परत आल्या असं धरा, पादत्राणात नंबर बसत नाही म्हणून इतकं होतंच. मग फायदा फक्त ७८ वर, तो ८७३६. परतीच्या बावीसवर जाण्यायेण्याचे मिळून १४० धरले तर ३०८० गेले, खोके वाया ७७०. आणि बावीसमधले चार जोड असे येतात की परत विकता येत नाहीत, घालून फिरलेले, भिजलेले, माझ्याकडे येणाऱ्या एका दुकानदाराला तर खोक्यात दुसरीच जुनी चप्पल परत आली होती. चार गुणिले ७८० म्हणजे ३१२०. सगळं वजा केलं की शंभर ऑर्डरीमागे १७६६ रुपये. ऑर्डरीला साडेसतरा. त्यातनं जाहिरातीचे ऑर्डरीमागे वीस गेले की तुम्ही खड्ड्यात, आणि पॅकिंगच्या पोराचा पगार अजून धरलाच नाही.

हाच जोड दुकानात १२०० ला गेला तर कर काढून ११४३, वजा ७८०, हातात ३६३. भाडं आणि लाईट तुम्ही तसंही भरताय. म्हणजे तो पुण्याचा गिऱ्हाईक तीन जोड न घेता गेला तिथं तुमचे हजारावर रुपये गेले, तेवढे मिळवायला ऑनलाईन साठ ऑर्डरी लागतील.

पैसे अडकण्याचं कारण वेगळं आहे. दुकानात आज विकलं की आज पैसे, आता तर यूपीआयवर लगेच खात्यात. ऑनलाईनचं सेटलमेंट माल पोचल्यावर आठवडा-दहा दिवसांनी. तुमचा कारागीर आठवड्याला रोख घेतो. मधल्या वाटेचा माल, परतीचा माल आणि सेटलमेंटचे पैसे असे मिळून तुमचे लाख-दीड लाख कायम बाहेर फिरत राहणार. त्यावर मार्केटप्लेस पैसे देतानाच कापून घेतं तो जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का (१० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता) आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस ०.१ टक्का. रक्कम छोटी, पण टीसीएस आपोआप मिळत नाही, जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो मग कॅश लेजरला (तिथल्या तुमच्या खात्याला) येतो. कितीतरी दुकानदारांचे तसेच पडून आहेत, तुमचे पण बघा.

आणि खोका मोजा. खरंच टेपने मोजा. कुरिअरवाले वजन आणि घनवजन यातलं जे जास्त ते धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले साधारण ५०००. तुमचा खोका ३० बाय २० बाय ११ असेल तर १.३२ किलो होतं, चप्पल असते सहाशे-सातशे ग्रॅमची. म्हणजे तुम्ही हवेचं भाडं भरताय. कोल्हापुरी तर सपाट असते, दोन तळ एकमेकांवर ठेवून ३० बाय १३ बाय ९ मध्ये बसवली तर सातशे ग्रॅमच्या आसपास येतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने नुसता खोका बदलून ऑर्डरीमागे चाळीसेक रुपये वाचवले.

---

किराणा_नाशिकरोड

मी उलट बाजू सांगतो. आमचं किराणा दुकान आहे, मी कुठल्याच ॲपवर माल लावलेला नाही आणि लावणार पण नाही, किराण्यात मार्जिन आठ-दहा टक्के, तेलात साखरेत तर दोन-तीन, कमिशन कुठनं देणार. पण ऑनलाईनला मी नाही म्हणालो असं नाही. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपवर यादी घ्यायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे, ३०० च्या वर घरं आहेत, यादी येते, पोरगा सायकलने पोचवतो, पैसे यूपीआयने. फरक काय पडला तर मला आता कळतं कुठलं घर महिन्याला काय घेतं. पूर्वी अंदाजाने माल भरायचो, डाळीला पोरकिडे लागायचे, बिस्किटं तारखेच्या बाहेर जायची. आता २५ तारखेला जुन्या याद्या बघून ऑर्डर देतो. माझी विक्री फार वाढली नाही खरं सांगतो, पण फेकून द्यायचा माल जवळजवळ बंद झाला, तोच माझा नफा.

मोठे लोक पण हे गणित जपूनच करतात. डीमार्ट बघा, दुकानं धो धो चालतात पण डीमार्ट रेडीचं ऑनलाईन वर्षानुवर्षं तोट्यात, आणि तिथं पण स्वतः पिकअपला गेलात तर फुकट, घरी पाहिजे तर पैसे भरा अशीच पद्धत ठेवली होती. दारात नेऊन देणं हा खर्च कुणालाच सुटलेला नाही, फक्त कोण सोसतोय ते बदलतं. दहा मिनिटांत आणून देणाऱ्यांमुळे आमच्या गल्लीत दूध, ब्रेड, कोल्ड्रिंक हे तिन्ही कमी झाले हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण महिन्याचा किराणा अजून माझ्याकडंच आहे कारण वही चालते, पगार उशिरा झाला तर मी थांबतो.

---

काठपदर

दादा तुमची पोस्ट वाचून आमचे पहिले सहा महिने आठवले. मी नांदेडची, साड्यांचा व्यवसाय घरातूनच करते, नंतर छोटं दुकान घेतलं. ज्यांनी अजून सुरू केलं नाही त्यांच्यासाठी आधी एक सांगते, ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी नंबर न घेता सुद्धा मार्केटप्लेसवर विकता येतं, फक्त पोर्टलवर नोंदणी करून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो आणि आपल्याच राज्यात विकायचं. मी त्यावरच सुरुवात केली होती.

मला मार्केटप्लेसवर विक्री मिळाली पण गिऱ्हाईक मिळालं नाही. हे मला उशिरा कळलं. गिऱ्हाइकाचा नंबर आपल्याला दिसत नाही, तिला आपलं नाव लक्षात राहत नाही, ती म्हणते साडी अमुक ॲपवरून घेतली. पुढच्या वेळी ती पुन्हा ॲपवर जाते आणि शंभर रुपयांनी स्वस्त दुसऱ्याकडून घेते. आणि रंगाची भानगड, फोटोत मोरपंखी दिसते आणि हातात आल्यावर हिरवी वाटते म्हणून परत. एका साडीची घडी मोडली की ती नवी म्हणून विकायची नाही, आणि तीन वेळा परत आलेली साडी बघितली की कुणीही ओळखतं.

मग मी सगळं उलटं केलं. मार्केटप्लेसवर फक्त बाराशेच्या आतल्या रोजच्या साड्या ठेवल्या, त्यातल्या सुद्धा ज्या कमी परत येतात त्याच. चांगला माल फक्त व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर, आठवड्यातून दोनदा लाईव्ह करते, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उभी राहून पदर उलगडून दाखवते, मागची बाजू पण दाखवते, धागा कुठे उठलाय तेही दाखवते. पैसे आधी घेते, कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नाही. सुरुवातीला दहापैकी सहाजणी म्हणाल्या आधी पैसे कसे देऊ, म्हणून त्या गेल्या. राहिल्या त्या अजून आहेत, मुलीच्या लग्नाला एकरकमी पंधरा साड्या घेणाऱ्या आहेत त्यात. परत येणाऱ्या साड्या आता महिन्याला एखाददुसरी.

तुमच्या चपलेला तर सांगण्यासारखं कितीतरी आहे हो. ॲपवर कोल्हापुरी म्हणून शोधलं तर रेक्झिनच्या दोनशे-तीनशेच्या वर येतात, त्यात तुमची १२९९ ची का घ्यावी हे चार फोटोत कसं कळणार? बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीने केलेली शिवण, हे व्हिडिओ करून दाखवा. २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे, हे आमच्याकडे कित्येकांना माहीतच नाही.

---

वाणिज्य_विभाग

मी कॉलेजला वाणिज्य शिकवतो, थोडं वेगळ्या अंगाने लिहितो. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला जे सांगितलं की ऑनलाईन आलेल्या दुकानांची कामगिरी चांगली असते, ते आकड्यात दिसतंही, पण त्यात एक मेख असते. ऑनलाईन कोण येतं? ज्याच्याकडे आधीच थोडं भांडवल आहे, घरात शिकलेला मुलगा आहे, मालाचा हिशोब नीट आहे तोच. म्हणजे चांगली चालणारी दुकानं ऑनलाईन जातात की ऑनलाईन गेल्याने दुकान चांगलं चालतं हे नुसत्या तुलनेत वेगळं काढता येत नाही. त्याच दुकानाचं आधीचं आणि नंतरचं बघावं लागतं, आणि तेही एका सिझनचं नाही.

दुसरं, कामगिरी म्हणजे काय धरायचं. उलाढाल सगळ्यात आधी हलते, म्हणून सगळे तीच दाखवतात. पण किरकोळ धंद्यात खरं बघायचं असतं ते माल वर्षातनं किती वेळा फिरतो. तुमचा सरासरी चार लाखाचा माल असेल आणि वर्षाला विकलेल्या मालाची खरेदी बत्तीस लाख, तर आठ वेळा फिरला. ऑनलाईनमुळे विक्रीची खरेदी अठ्ठेचाळीस लाख झाली पण वाटेतला, परतीचा, गोडाऊनमधला धरून माल आठ लाखाचा ठेवावा लागला, तर फिरणं सहावर आलं. उलाढाल दीडपट आणि धंदा मंद, दोन्ही एकाच वेळी खरं. तुमच्या एफडीचं उत्तर बहुतेक इथंच आहे.

रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लिहिलं होतं की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. ते पुढे दिसायला लागलं, पण कुठे, तर ज्यांनी नुसती मशिनं आणली नाहीत, कामाची पद्धतच बदलली त्यांच्याकडे. तुमच्याकडे लिस्टिंग नवीन आलं पण स्टॉक अजून वडिलांच्या डोक्यात आणि तुमच्या वहीत असे दोन ठिकाणी असणार, बरोबर ना? दुकानात विकलेला जोड ऑनलाईनवरून त्याच क्षणी कमी होतो का? होत नसेल तर आधी ते करा, साधी एक्सेल शीट का असेना. सात नंबरचा शेवटचा जोड दुकानासाठी राखून ठेवायचा हा नियम सुद्धा त्या शीटशिवाय पाळता येत नाही.

ओएनडीसी (सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाईन खरेदी-विक्रीचं खुलं नेटवर्क), त्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, तिथं विकणाऱ्याचं ॲप आणि घेणाऱ्याचं ॲप वेगळं असू शकतं, एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण परतीचा आणि पोचवण्याचा खर्च तिथंही संपत नाही, तेव्हा त्यावर सगळं सुटेल अशी आशा ठेवू नका.

---

पायताण_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं वेळ काढून लिहिलंत. तीन आठवडे झाले, मुद्दाम करून बघून मग लिहितोय.

सांगलीच्या दादांनी सांगितल्यासारखं मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी एकेक करून काढल्या. दोन रात्री गेल्या. माझं परत येण्याचं प्रमाण बावीस नाही, सव्वीस निघालं. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच प्रकारात, बंद अंगठ्याच्या लेडीज चपलेत, ती पहिल्यांदा घट्ट लागते, दोन दिवसांत पायावर बसते, पण गिऱ्हाईक दोन दिवस कशाला थांबेल, ती लगेच परत करते. दुकानात वडील तेल लावून, हाताने अंगठा जरा ताणून देतात आणि सांगतात की दोन दिवस घरात घाला. हे सांगणं ऑनलाईन राहूनच गेलं होतं माझ्याकडनं. तो प्रकार मार्केटप्लेसवरनं काढला. ऑर्डरी दिवसाला दोन-तीनवर आल्या, उलाढाल पडली, सुरुवातीला धडकी भरली होती, पण परतीचे खोके यायचे जवळजवळ थांबले आणि दुकानाच्या रॅकला सगळे नंबर लागले. टीसीएसचे पण वर्षभराचे साडेआठ हजार पोर्टलवर पडून होते, ते घेतले. खोका बदलायला सांगितलाय, नवीन मापाचे पुढच्या आठवड्यात येतील.

नांदेडच्या ताई, तुमचं ऐकून व्हॉट्सॲप चालू केलं. नंबरची अडचण अशी सोडवली की गिऱ्हाइकाला सांगतो, कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारा, शेजारी पट्टी ठेवून वरनं फोटो पाठवा. दोन्ही पायांचा. फोटो मी वडिलांना दाखवतो. त्यांना मोबाईलचं काही नको असायचं, पण हे बघायला चष्मा लावून बसतात. गेल्या आठवड्यात हैदराबादच्या एका बाईंचा कागद आला, त्या कायम सहा घालतात म्हणाल्या. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, पंजा रुंद हाय आणि उजवा पाय वाईच मोठा, सहा नगं, सात दे पण बाजूचे कान आत घेऊन शिवून घे. कागलला फोन करून तसा करून घेतला, त्याचे दीडशे जास्त लावले, बाईंनी लगेच दिले. आज पोचली, त्यांनी पायात घालून फोटो पाठवलाय आणि नवऱ्याचा कागद पण पाठवते म्हणाल्या.

परवाच्या शनिवारी कारागिरांचे पैसे वेळेवर दिले.

आता एक विचारायचं राहिलं, पावसाळ्यात कोकणात आणि केरळात पाठवताना खोक्याच्या आत प्लास्टिक घातलं की चपलेला बुरशी येते आणि नाही घातलं तर भिजते. चामड्याचा माल पाठवणारं कुणी असेल तर तुम्ही कशात गुंडाळता?